तिसऱ्या टोलाची ओ

भर दुपारी वावरात कोणी हाक मारली तं पहिल्या हाकेले ओ देत नाहीत. खैरगोंदीत हे शेंबड्या पोराले बी माहीत हाय. पहिली हाक माणसाची का त्याची, भुताची, सांगता येत नाही. दुसरीचं बी तसंच. तिसरी आली तं समजाचं माणूसच हाय, कारण त्याले तीनपर्यंत मोजता येत नाही म्हणतात. मंग ओ द्याची.

मुकुटबनाच्या अलीकडे दोन कोसावर हे गाव. नाल्याच्या दोन्ही अंगानं काळी जमीन. अन् सतरा सालच्या भादव्यात त्या जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी माजली होती का उभा माणूस आत शिरला तं वरून त्याची टोपी बी दिसे नाही. त्याच साली जिल्ह्यात फवारा मारता मारता माणसं पडून राह्यली होती. कोणाचे डोळे गेले, कोणी गेलंच. पेपरात रोज नवीन गाव. पऱ्हाटी डोक्यावर, औषध तोंडावर, अन् आत पडलेला माणूस धुऱ्यावरून, बांधावरून, दिसे नाही.

अशा गावात दीपानं बाभळीले टोल बांधला.

दीपा म्हणजे उकंडाची पोरगी. उकंडा दुसऱ्याच्या वावरात फवारा मारे, अन् त्याच्याएवढा साफ हात पंचक्रोशीत कोणाचा नव्हता. त्याची पोरगी दहावीत असताना शाळेतल्या एका मॅडमनं कुठलातरी फॉर्म भरला, अन् पोरगी उडाली ते थेट थंड देशात, समुद्राच्या काठच्या शाळेत. ऐंशी देशाची पोरं तिथं. दोन वर्षं राह्यली. मंग पुण्यात कॉलेज केलं. गावाले वाटलं आता कलेक्टर होईन, नाहीतर विमानातच राहीन. अन् ही काय करून राह्यली? तं बंद पडलेल्या शाळेतला रुळाचा तुकडा आणून बापूजीच्या वावरातल्या बाभळीले टांगला, हातात लोखंडाचा बोल्ट, अन् फवारा चालू असला का दर थोड्या वेळानं ठणाण, ठणाण, ठणाण.

"दुनिया फिरून आली अन् शाळेचा शिपाई झाली," गावातली म्हातारी मथुराबाई म्हणे. मथुराबाईची जीभ म्हणजे उलटा धरलेला इळा.

"शिपाई नाही आजी, घड्याळ," दीपा म्हणे. "मी थांबली का समजा वाजले बारा."

तिचं काम सोपं होतं. फवारणाऱ्या हरेक माणसाच्या पंपाच्या पट्ट्याले तिनं जुन्या सायकलची घंटी बांधली. धुऱ्यावर टोल पडला का आतल्यानं अंगठ्यानं घंटी दाबाची. घंटी आली तं माणूस बरा हाय. नाही आली तं आत धावाचं. तोंडाले बांधाचे मास्क, चष्मे, हातमोजे तिच्या शाळेतल्या दोस्तांनी पाठवलेले. मारित नावाची तिची खोलीवाली होती, तिनं तिकडच्या पोट्ट्याइले गोळा करून दोन खोके धाडले. खोक्यावरचे तिकिटं गावातल्या पोराइनं उखडून नेले.

हे डोस्क्यात कुठून आलं, हे दीपानं फक्त उकंडाले सांगतलं होतं.

त्या शाळेत हरेक पोराले हप्त्यातून दोन दुपारी सेवेचं काम करा लागे. कोणी म्हाताऱ्याले वाचून दाखवे, कोणी आंधळ्याले बजारात ने. दीपाच्या वाट्याले धुक्याची घंटा आली. समुद्रावर धुकं उतरलं का आपला हात आपल्याले दिसे नाही. मंग काठावरची मोठी घंटा वाजवाची अन् आतल्या होड्याइचा भोंगा ऐकाचा. एनार नावाचा एक बुढा कोळी त्यांचा मुकादम. बोलेच नाही कोणाशी. एक दिवस तीन होड्या आत होत्या अन् दोनच भोंगे आले. दीपा खुशीत आवाजाकडे पळाली, "दोन आल्या, दोन आल्या!" बुढ्यानं तिकडे पाह्यलं बी नाही. त्यानं आपली होडी सरळ तिकडे घातली जिकडे काहीच वाजत नव्हतं. अन् पाण्यात लटकलेली दोन माणसं काढून आणली. मंग ओला बसून, तंबाखू भरता भरता, वर्षातलं पहिलं वाक्य बोलला: "आवाज येते तिथं कोणी मरत नाही, पोरी. जिथून यावा तिथून येत नाही, तिथं जा."

उकंडानं हे सगळं ऐकून घेतलं होतं. म्हणे, "थ्या बुढ्याले एकदा आपल्या पऱ्हाटीत आण. पाह्यतो किती वेळ टिकते."

पण पह्यल्याच हप्त्यात दीपाची चूक झाली.

चूक अशी का टोल पडला तरी आतून कोणी घंटी देईच नाही. पहिल्या टोलाले नाही, दुसऱ्याले नाही. तिसऱ्याले बरोबर सगळ्याइच्या घंट्या. तिनं विचारलं तं सगळे हसले. "भर दुपारी पहिल्या हाकेले कोण देते ओ? तुह्या देशात देत असन." दीपाले बी हसू आलं. आपलाच गाव, आपणच इसरलो. तिले सवय पडली का पहिल्या टोलाले गपच राह्यते.

त्या दिवशी नाल्याकडच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, एकटा शंकरसिंग होता. तांड्यावरचा, फवारा मारणाऱ्या रूपसिंगचा लहान भाऊ. दीपानं एक टोल देल्ला. आतून काही नाही. नेहमीचंच, असं म्हणून ती इहिरीवरून बादली भरून आणाले गेली. दुसरा अन् तिसरा टोल तिनं वापस येऊन देल्ला. तवाबी काही नाही. आत धावली तं नाल्याच्या काठाले शंकरसिंग उपडा, तोंडाले फेस, श्वास नाही, पाठीवरचा पंप चालूच. तो पहिल्या टोलाच्या आधीच पडला होता का रीत पाळून गप राह्यला अन् मंग पडला, हे कोणाले कधीच समजणार नव्हतं. त्याच्या पंपाची घंटी बी भेटली नाही. पट्टा होता, घंटी नव्हती.

शंकरसिंगची बायको हंसाबाई त्या दिवसापासून दीपाशी बोलली नाही. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. रस्त्यात भेटली का नुसती पाहे, अन् पाहून पुढे जाय.

दीपानं नेम बदलला. तीन टोल लागोपाठ, जागा सोडाची नाही. अन् मनात एकच धरलं: आता कोणी मरू द्याचं नाही. बाकी कोणी असो नसो, बा तं नाहीच.

"बा, यंदा फवारा सोड," तिनं म्हतलं.

"बसून खाल्लं तं हाड गंजते," उकंडा म्हणे. "तू टोल ठोक, मी फवारतो. बापलेकीचा बँड हाय."

*

तीन हप्त्यांनी बापूजीच्या वावरात फवारा होता. बापूजी म्हणजे वावराचा मालक, सात एकर पऱ्हाटी, बोलाले गोड अन् डोस्क्यावर पांढरा दुपट्टा; तो बाभळीखाली बसून होता. आत तिघं. उकंडा सडकेच्या अंगानं, रूपसिंग मधात, अन् अमर, बापूजीचा पुतण्या, इहिरीच्या बाजूनं. नाल्याकडच्या तासात कोणी नाही. शंकरसिंग गेल्यापासून तिकडे कोणी जातच नव्हतं. तिकडची पऱ्हाटी अळीनं खाल्ली तरी चाले.

साडेबारा वाजले असतील. वारा मेलेला. एक पान हालत नाही. पऱ्हाटी अशी उभी होती का जशी कान देऊन काही ऐकून राह्यली हाय. दूर कुठं तरी एखादं पाखरू बोलाव, तं तेबी नाही. औषधाचा वास एवढा घट्ट का जिभेवर बसे.

दीपानं तीन टोल देल्ले.

आतून तीन घंट्या आल्या. तिनं बोटं मुडपली, एक, दोन, तीन, अन् खाली बसली.

थोड्या वेळानं अमर बाहेर आला, पंप भराले. चष्मा वर, मास्क गळ्यात.

"मास्क तोंडाले बांधतात, गळ्याले नाही," दीपा कडाडली. "गळ्याले ताईत बांधतात."

"जीव गुदमरते ना ताई त्याच्यात."

"त्याच्याबिगर बी गुदमरते. साबणानं हात धू आधी."

अमर तोंड वाकडं करून बादलीजवळ बसला. दीपानं तीन टोल देल्ले. आता दोन याव. दोनच आल्या. बराबर.

मंग रूपसिंग बी निघाला. पंप खाली ठेवला, घटाघट पाणी प्याला, अन् बाभळीच्या बुडाले पाठ टेकली. दीपानं उभं राहून तीन टोल देल्ले. एक याव.

एक आली. ट्रिंग-ट्रिंग... ट्रिंग.

रूपसिंगच्या हातातला गडू तसाच राह्यला.

"ताई," तो म्हणे, "उकंडाबा कुठं हाय?"

"सडकेकडे. काहून?"

"घंटी कुठून आली?"

दीपा वळली. घंटी नाल्याकडून आली होती. सडक या बाजूले, नाला त्या बाजूले.

"पुन्हा ठोका," रूपसिंग म्हणे.

ठणाण. ठणाण. ठणाण.

ट्रिंग-ट्रिंग. मधात एका श्वासाएवढी जागा. ट्रिंग.

"शंकऱ्या वाजवे असा," रूपसिंग म्हणे. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. "तांड्यावर सायकलनं आला का अशीच वाजवे. दोन एकामागून, अन् एक थांबून. आमची याडी, माय, तेवढ्यावरून भाकर थापाले बसे."

अमर उठून बापूजीच्या मांगे जाऊन उभा राह्यला. बापूजीनं दुपट्टा डोस्क्यावरून काढून छातीशी धरला.

उकंडाची घंटी तिले माहीत होती. तो एकदाच वाजवे, लांब, अंगठा दाबून धरून, जशी कोणावर खेकसून राह्यला. मंघाशी दोन आल्या होत्या तवा ती लांब होती का? त्याच्या आधी तीन आल्या तवा? तिले आठवेना. तिनं बोटं मोजली होती. ऐकलं नव्हतं.

"बा!" ती ओरडली. "ओ बा!"

नाल्याकडून, जरा जवळून: ट्रिंग-ट्रिंग... ट्रिंग.

"तिकडंच गेला असन बुढा," बापूजी म्हणे. "चला ना, घंटी तं तिकडूनच येते."

"जाऊ नका," रूपसिंग म्हणे. "भुलवते तो."

"अरे तुहा भाऊ होता तो!"

"होता ना. मरणाच्या आधी होता."

दोघं भांडून राह्यले होते अन् दीपा सडकेकडच्या पऱ्हाटीकडे पाहून राह्यली होती. नाल्याकडून घंटी पुन्हा आली, कोणी टोल न ठोकता. बरा हाय, बरा हाय, असंच म्हणून राह्यली होती ती. अन् सडकेकडून काहीच नाही. हवा नाही, पान नाही, पंपाची घरघर नाही. एवढं मोठं वावर, अन् तेवढाच एक तुकडा असा गप होता जसं धुकं उतरलं हाय.

जिथून यावा तिथून येत नाही, तिथं जा.

"माह्यामांगं या," ती म्हणे, अन् आवाजाले पाठ करून सडकेच्या तासात शिरली.

आत गेल्यावर वरचं आभाळ बी हिरवं झालं. बोंडं तोंडाले लागत, पानावरचं ओलं औषध बाहीले. मांगून घंटी येऊन राह्यली होती, घाईघाईत आता, जशी कोणी बोलावून राह्यलं का अवं इकडे, इकडे. तिनं मान वळवली नाही. चाळीस पावलं. पन्नास. मंग पायाले काही लागलं, अन् ती पंपाची नळी होती.

उकंडा दोन ओळीच्या मधात कुशीवर पडला होता. तोंडातून लाळ, अंग घामानं निथळत, डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मास्क खिशात. अंगठा घंटीवर होता, पण त्या अंगठ्यात जोर नव्हता.

ती उचलाले वाकली अन् मांगची घंटी बंद झाली. एकदम. जशी कोणी हातानं धरली.

*

रूपसिंगनं उकंडाले पाठीवर घेतलं. बाहेर आणल्या आणल्या दीपानं त्याचे कपडे फाडून काढले, हातमोजे घालून साबण लावला, बादल्यावर बादल्या ओतल्या. बापूजी घरून दूध घेऊन पळत आला.

"दूध पाजा, जहर उतरते!"

"थेंब बी पाजाचं नाही! छातीत गेलं म्हणजे? जीप आणा, जीप!"

मालकाले असं कोणी बोललं नव्हतं गावात. बापूजीनं दुधाचा गंज तिथंच ठेवला अन् जीप आणाले पळाला. गाडीत दीपानं बापाले कुशीवर धरलं, औषधाचा डब्बा पिशवीत घेतला, डॉक्टरले दाखवाले, अन् वणीचा दवाखाना येईपर्यंत त्याच्या नाकाजवळ हात ठेवून होती. श्वास येतो का, तेवढंच.

वाचला उकंडा. चार दिवसांनी डोळ्यापुढचं धुरकट कमी झालं, तवा पलंगावर बसता झाला. पोरीले जवळ बोलावलं.

"मी तं ओ देत नव्हतो ना?" म्हणे.

"नाही बा."

"तरी म्हतलं." तो खिडकीकडे पाहत बोलून राह्यला होता. "चक्कर आली अन् खाली बसलो. तं शंकरसिंग माह्याजवळ येऊन बसला. पंप नव्हता त्याच्यापाशी, नुसती घंटी हातात. म्हणे, उकंडाबा, तुम्ही निजा. टोलाले ओ मी देतो. म्हतलं, तू काहून बा? तं म्हणे, ओ नाही आली का ती पोरगी घाबरते. मी नव्हती देल्ली तवा लय घाबरली होती."

दीपानं हातातला ग्लास खाली ठेवला. दवाखान्यात तेवढी माणसं होती, उजेड होता, कोणी केळं सोलून राह्यलं होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला. शंकरसिंग बोलला होता ते वाईटासाठी नाही. अन् त्याच्या त्या चांगुलपणानं तिचा बाप मरता मरता राह्यला होता.

गावात आल्यावर ती सरळ तांड्यावर गेली. हंसाबाई दारात ज्वारी पाखडून राह्यली होती. दीपानं उभ्यानंच सगळं सांगतलं, काही न लपवता. एका टोलावर बादली भराले गेली होती, तेबी. सूप हालाचं थांबलं.

"तसाच होता तो," हंसाबाई म्हणे. महिन्याभरात पहिल्यांदा. "ताप असला तरी बरा हाय म्हणे. पोटात दुखलं तरी बरा हाय. दुसऱ्याले तरास नको म्हणून. त्या दिवशी बी सकाळी डोस्कं धरून गेला होता. मी विचारलं, तं म्हणे, बरा हाय." तिनं सुपातला खडा काढून फेकला. "त्याच्या ओ देण्यावर इश्वास नको ठेवत जाऊ."

"मंग कशावर ठेवू, वहिनी?"

"तोंडावर. तोंड पाह्यल्याबिगर मानाचंच नाही."

तोच नेम झाला मंग. टोल द्याचे तीन, घंट्या ऐकाच्या, अन् घंट्या आल्या तरी एकीनं आत जाऊन हरेकाचं तोंड पाहून याचं, मास्क खाली करून, डोळ्यात डोळा घालून. एका दीपानं ते होण्यासारखं नव्हतं. मथुराबाई आली, म्हणे, "शिपायाले हाताखाली माणूस पाहिजे." मारितले चिठ्ठी गेली, अजून मास्क पाठव, अन् आता बायांच्या मापाचे पाठव. तिचं उत्तर आलं, एनार बुढा गेला म्हणून. दीपानं ते उत्तर टोलाच्या दोरीत अडकवून ठेवलं, दिवसभर.

पुढच्या फवाऱ्याले नाल्याकडचं तास घ्याचं ठरलं. अळी लय झाली होती. आत तिघं, रूपसिंग, अमर अन् मुकुटबनचा एक माणूस. उकंडा बाभळीखाली खाटेवर, नुसता शिव्या द्याले. तिकडच्या धुऱ्यावर कोणी उभं राहीना, तं हंसाबाई आपल्या पायानं चालत आली, कासोटा खोचला, अन् नाल्याच्या काठाले उभी राह्यली.

दीपानं तीन टोल देल्ले.

घंट्या आल्या. एक. दोन. तीन. मंग नाल्याकडून ट्रिंग-ट्रिंग, अन् जरा थांबून, ट्रिंग.

उकंडाची शिवी अर्ध्यात राह्यली.

हंसाबाईनं पदर डोस्क्यावर नीट घेतला. तिनं पऱ्हाटीकडे तोंड करून, घरातल्या माणसाले सांगावं तसं, साध्या आवाजात म्हतलं, "ऐकलं तुमचं. समजलं मले. आता गप राहा जी, या लोकाइचं ऐकू द्या."

पऱ्हाटीची एक ओळ हालली, वारा नसताना, नाल्यापर्यंत, अन् थांबली.

"ठोक," हंसाबाई म्हणे.

दीपानं पुन्हा तीन टोल देल्ले. तीन घंट्या आल्या. त्यानंतर काही नाही. ती आत शिरली, अमरचं तोंड पाह्यलं, मास्क बांधलेला होता, मुकुटबनवाल्याचं पाह्यलं, रूपसिंगचं पाह्यलं. रूपसिंगच्या डोळ्यात पाणी होतं, तं तिनं बाहुल्या दोनदा पाह्यल्या. औषधाचं नव्हतं ते पाणी.

बाहेर आली तं हंसाबाईनं विचारलं, "किती?"

"तीन."

"मंग बराबर हाय," हंसाबाई म्हणे, अन् नाल्याकडे पाहत उभी राह्यली.